मोटारीचा ब्रेक का कुरकुरतो?



साहित्य, इतिहास आणि तत्त्वज्ञान यांच्या पंगतीत मोटारीच्या ब्रेकला पान मांडलेले पाहून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. परंतु ज्या वस्तूवर आपण रोज आपला आणि आपल्या मुलाबाळांचा जीव सोपवतो, तिचे बोलणे आपल्याला मुळीच समजू नये, हे त्याहून मोठे नवल आहे. मोटार ही आता चार श्रीमंतांची चैन राहिलेली नाही. गल्लीबोळांत गाड्या उभ्या आहेत, आणि त्यांतली एखादी तरी रोज सकाळी निघताना किंवा सिग्नलपाशी थांबताना अशी किंचाळते की रस्त्यावरची माणसे वळून पाहतात. गाडीचा मालक ओशाळतो, गॅरेजात जातो, आणि सांगतो, "एवढा आवाज बंद करून द्या." आज मला जे सांगावयाचे आहे ते या एका वाक्याविषयीच आहे. ही मागणीच चुकीची आहे. आवाज बंद करणे हे एक काम आणि आवाजाचे कारण दूर करणे हे दुसरे. या दोन कामांतला फरक ध्यानात आला नाही, तर पहिले काम कधीकधी जिवावर बेतते.

कुरकुरीवर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकच औषध ठाऊक आहे, ते म्हणजे तेल. दाराची बिजागरी कुरकुरली, सोडा दोन थेंब. विहिरीचा रहाट करकरला, लावा वंगण. बैलगाडीचा आस ओरडू लागला, की गाडीवान गाडीलाच टांगलेले वंगणाचे नळकांडे काढी. हा उपाय त्या त्या ठिकाणी अगदी योग्य आहे. बिजागरी, रहाट, आस यांचे काम फिरण्याचे. घर्षण हा त्यांचा शत्रू. ब्रेकचे काम याच्या नेमके उलट आहे. फिरणाऱ्या चाकाला थांबवावयाचे, आणि तेही घर्षणाच्याच बळावर. घर्षण हा ब्रेकचा प्राण आहे. म्हणून ब्रेकच्या घासणाऱ्या पृष्ठभागाला तेलाचे बोट लावणे म्हणजे रडणारे मूल गप्प व्हावे म्हणून त्याला अफूची मात्रा चाटवण्यासारखे आहे. मूल गप्प बसते हे खरे. पण त्याचे पोट दुखत होते की कान, हे कोणालाच कळत नाही, आणि अफू आपले काम करावयाची ती करतेच.

प्रथम ब्रेक काय करतो ते पाहू. बाराशे किलो वजनाची एक लहान मोटार ताशी साठ किलोमीटर वेगाने चालली आहे असे समजा. तिच्या अंगी जी गतिज ऊर्जा असते ती भरते सुमारे एक लाख सदुसष्ट हजार जूल. गाडी थांबली म्हणजे ही ऊर्जा नाहीशी होत नाही. तिची उष्णता होते. अर्धा लिटर गार पाणी उकळीला आणावयास जेवढी उष्णता लागते, जवळजवळ तेवढीच ही आहे. आपण सिग्नलपाशी एकदा ब्रेक दाबतो तेव्हा चार चाकांशी मिळून अर्धा लिटर पाण्याला आधण येईल एवढी आच काही सेकंदांत निर्माण होते. वेग दुप्पट केला तर ही आच दुप्पट होत नाही, चौपट होते. कारण ती वेगाच्या वर्गावर अवलंबून असते. हा एक हिशेब मनात ठेवला, तर ब्रेकचे पुष्कळसे वर्तन आपोआप उलगडते.

हे काम करणारी यंत्रणा दोन प्रकारची असते. पहिली डिस्कची. चाकाबरोबर बिडाची एक चपटी थाळी फिरत असते, आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन पॅड असतात. पॅड म्हणजे एक पोलादी पट्टी आणि तिच्यावर बसवलेला घर्षणद्रव्याचा, म्हणजे लायनिंगचा, थर. आपण पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे सरकतो आणि कॅलिपर नावाचा चिमटा ते दोन पॅड थाळीवर आवळतो. दुसरी यंत्रणा ड्रमची. तीत चाकाबरोबर एक डबा फिरतो आणि त्याच्या आत कमानीच्या आकाराचे दोन ब्रेक-शू असतात. ते बाहेरच्या बाजूला फाकून डब्याच्या आतल्या भिंतीला घासतात. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांत पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्या चाकांना ड्रम असे मिश्रण आढळते. गाडी थांबताना तिचा भार पुढे झुकतो आणि म्हणून थांबवण्याचे अधिक काम पुढच्या चाकांकडे येते, हे त्याचे कारण.

आता आवाजाकडे वळू. दोन वस्तू एकमेकींवर घासल्या म्हणून आवाज झालाच पाहिजे असे नाही; हात हातावर चोळला तर तो किंचाळत नाही. किंचाळी निघते ती एका विशिष्ट परिस्थितीत. जड कपाट सरकवताना आपला अनुभव काय असतो? ते जागचे हलेपर्यंत जोर फार लागतो, आणि एकदा हलले की कमी जोरात पुढे जाते. म्हणजे दोन पृष्ठे एकमेकांना चिकटून उभी असतात तेव्हाचे घर्षण जास्त, आणि सरकू लागली की कमी. याचा परिणाम असा की, काही वेळा घासणारी वस्तू सलग सरकत नाही. ती चिकटते, ताणली जाते, सुटते, पुन्हा चिकटते. हा चिकटण्या-सुटण्याचा खेळ सेकंदात शेकडो, हजारो वेळा चालला की कंप उत्पन्न होतो, आणि कंप म्हणजेच नाद. सारंगीचा गज तारेवर फिरतो तेव्हा हेच घडते. गजाच्या केसांना राळ लावतात ती केस तारेवर घट्ट चिकटावेत म्हणूनच. राळ नसेल तर गज नुसता सरकतो आणि सारंगी मुकी राहते. शाळेत फळ्यावर खडू कर्कश ओरडतो तेही याच न्यायाने. आणि खडू जरा तिरपा धरला किंवा मोडून लहान केला की तो ओरडावयाचा थांबतो, हेही आपण सर्वांनी पाहिले आहे. खडू तोच, फळा तोच. फक्त धरण्याची रीत बदलली आणि आवाज गेला. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे.

ब्रेकमध्ये गजाच्या जागी पॅड आणि तारेच्या जागी डिस्क आहे. डिस्क ही एक थाळीच. आणि थाळीला कंप दिला की ती झांजेसारखी वाजू पाहते. ती बिडाची करतात त्याचे हे एक कारण. बिडाच्या पोटात ग्राफाइटचे बारीक पापुद्रे असतात आणि ते कंप शोषून घेतात. कांशाची घंटा वाजवली तर तिचा नाद रेंगाळतो. बिडाच्या तव्यावर ठोकले तर नुसता थाप मारल्यासारखा आवाज येतो. तरीही पॅड, कॅलिपर आणि डिस्क या तिघांचे कंप एकमेकांना पूरक झाले, तर बीडही गाऊ लागते. ब्रेकची किंचाळी साधारणतः सेकंदाला एक हजारापासून सोळा हजारांपर्यंत कंपनांची असते, आणि माणसाचा कान दोन ते पाच हजारांच्या पट्ट्यात सर्वांत तिखट असतो. म्हणून ती इतकी झोंबते. प्रत्यक्षात त्या दीड-पावणेदोन लाख जूलांपैकी आवाजात जाणारा अंश नगण्य असतो. बाकी सारी उष्णता. तेव्हा पहिला धडा हा, की आवाजाच्या मोठेपणावरून दोषाचा मोठेपणा ठरवू नये. गल्ली दणाणून सोडणारी किंचाळी निरुपद्रवी असू शकते, आणि गाडीच्या बंद काचांआड जेमतेम ऐकू येणारी खरखर अत्यंत धोक्याची असू शकते.

या आवाजाशी माणसाचे भांडण मोटारीइतकेच जुने आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ साली डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. त्याने घासणारा पदार्थ म्हणून तांबे वापरले होते. धातूवर धातू घासला जाई. ब्रेक कर्कश वाजे आणि त्या काळच्या धुळीच्या रस्त्यांवर तांबे झपाट्याने झिजे. त्याच सुमारास हर्बर्ट फ्रूड नावाचा दुसरा इंग्रज घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी अस्तरे बनवीत होता. त्याने १८९७ साली सुरू केलेल्या उद्योगाचे पुढे फेरोडो हे नाव झाले, आणि ते त्याच्याच आडनावाची अक्षरे फिरवून व एक अक्षर वाढवून केलेले आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉसचा उपयोग सुरू झाला. ॲस्बेस्टॉस जळत नाही, तापून नरम पडत नाही, आणि धातूच्या मानाने शांत असतो. सर्वांना वाटले, प्रश्न मिटला. पण त्या अस्तराची झीज म्हणजे डोळ्यांना न दिसणारे तंतू. ते श्वासावाटे फुप्फुसात शिरतात आणि कैक वर्षांनी फुप्फुसाचे व त्याच्या आवरणाचे कर्करोग उत्पन्न करतात, हे पुढे सिद्ध झाले. ब्रिटनने १९९९ साली ॲस्बेस्टॉसचा वापर कायद्याने बंद केला. म्हणजे शांततेची किंमत गॅरेजात काम करणाऱ्यांच्या श्वासाने मोजली गेली होती. आवाजावरचा उपाय हा स्वतःच नवे दुखणे होऊ शकतो, हे इतिहासानेही आपल्याला शिकवले आहे.

आता निदानाकडे येऊ. वैद्य नाडीला हात लावण्यापूर्वी चार प्रश्न विचारतो. तसे इथेही चार प्रश्न आहेत. आवाज केव्हा येतो? कसा येतो? कोणत्या चाकाकडून येतो? आणि त्याच्याबरोबर आणखी काय घडते? गाडीच्या मालकाने या चार प्रश्नांची उत्तरे मनाशी तयार ठेवली, तर निम्मे निदान गॅरेजात जाण्यापूर्वीच झाले असे समजावे.

प्रथम निरुपद्रवी आवाज वेगळे काढू. गाडी रात्रभर पावसात किंवा दवात उभी राहिली, अथवा धुऊन ठेवली, तर बिडाच्या उघड्या डिस्कवर गंजाचा पातळ लेप चढतो. कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत तर तो फारच लवकर चढतो. सकाळी पहिले चार-सहा ब्रेक दाबेपर्यंत खरखर किंवा कुरकुर येते आणि मग लेप पुसला जाऊन आवाज नाहीसा होतो. याला औषध नाही आणि गरजही नाही. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी दोन-चार दिवस उभी ठेवली, तर मागच्या ड्रममध्ये शू चिकटून बसतात. निघताना ठक् असा एक आवाज होऊन ते सुटतात. सपाट जागी गाडी फार दिवस ठेवावयाची असेल, तर गिअरमध्ये ठेवून चाकाला दगडाची ओट लावावी आणि हँडब्रेक सोडून ठेवावा. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटरच करते आणि ती ऊर्जा बॅटरीत परत जाते. त्यामुळे खरे ब्रेक कमी वापरले जातात, डिस्कवर गंज राहून जातो, आणि अशा नव्याकोऱ्या गाड्याही कुरकुरतात. रस्ता मोकळा पाहून अधूनमधून जरा जोराने ब्रेक लावणे हाच त्यावर उपाय. तातडीने ब्रेक दाबला असता पायाखाली पेडल थरथरते आणि घर्रर्र असा आवाज येतो, तोही दोष नव्हे. चाके जागच्या जागी अडकून गाडी घसरू नये म्हणून ए.बी.एस. आपले काम करीत असते. अशा वेळी घाबरून पाय उचलू नये.

दुसरा वर्ग सूचनेचा. पुष्कळ पॅडांना पोलादाची एक छोटी वाकडी जीभ जोडलेली असते. पॅड नवा असतो तेव्हा लायनिंगची जाडी साधारण दहा-बारा मिलिमीटर असते. ती झिजत झिजत दोन-तीन मिलिमीटरवर आली, की ही जीभ फिरत्या डिस्कला टेकते आणि बारीक, उंच, सलग अशी चिरचिर सुरू होते. ती बहुधा गाडी नुसती चालली असतानाच ऐकू येते आणि ब्रेक दाबला की बदलते किंवा थांबते. हा आवाज बिघाडाने आलेला नाही. कारखानदाराने तो मुद्दाम ठेवलेला आहे. रात्री गस्त घालणाऱ्या चौकीदाराची शिटी झोपमोड करते म्हणून कोणी त्याच्या तोंडात बोळा कोंबत नाही. ही जीभ वाकवून आवाज बंद करणारे महाभाग मात्र आढळतात. या वेळी एकच करावे. विलंब न लावता पॅड बदलावेत. आणि हेही लक्षात ठेवावे की सर्वच पॅडांना ही जीभ नसते. तेव्हा आवाज नाही म्हणून पॅड शाबूत आहेत, असा निष्कर्ष काढता येत नाही.

तिसरा वर्ग धोक्याचा. ब्रेक दाबताच जाड खरखर, दगडावर लोखंड ओढल्यासारखी घरघर येत असेल आणि पेडलमधून पायालाही ती जाणवत असेल, तर लायनिंग संपून पोलादी पट्टी डिस्कला भिडली आहे असे समजावे. अशा स्थितीत गाडी थांबण्याचे अंतर वाढते, डिस्कवर खोल चरे पडतात, आणि स्वस्तातल्या पॅडांची काटकसर डिस्कच्या खर्चात बुडते. ही गाडी चालवीत गॅरेजात नेऊ नये. मिस्त्रीला बोलवावे किंवा गाडी ओढून न्यावी. मात्र एक अपवाद आहे. डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यामध्ये एखादा खडा अडकला, तर तशीच खरखर सतत येते, ब्रेक दाबा वा न दाबा. गाडी थोडी मागे-पुढे केली की तो कित्येकदा पडून जातो. नाही पडला तर चाक काढून पाहावे.

चौथा वर्ग हा खरा कुरकुरीचा. पॅड शाबूत आहेत, डिस्क ठीक आहे, तरी हलका ब्रेक लावला की गाडी किंचाळते. इथे आपण मघाचा खडू आठवावा. बहुतेक वेळी दोष पदार्थात नसतो, तो धरण्याच्या रीतीत असतो. पॅड कॅलिपरमध्ये सैल बसला असेल, त्याच्या पाठीवरची शिम नावाची पातळ पत्री झिजली असेल किंवा नवे पॅड घालताना कोणी फेकून दिली असेल, पॅडच्या कानांखालच्या क्लिपा गंजल्या असतील, किंवा कॅलिपर ज्या खिळ्यांवर सरकतो ते कोरडे पडले असतील, तर पॅड आपल्या जागी थरथरतो आणि ती थरथर डिस्कला जाऊन भिडते. दुसरे कारण पॅडचा पृष्ठभाग चकाकणे. घाटात किंवा गर्दीत ब्रेक फार तापले, की लायनिंगमधला रेझिनचा अंश वर येऊन काचेसारखा गुळगुळीत थर बनतो. अशा पॅडने ब्रेक किंचाळतोही आणि कमीही लागतो. तिसरे कारण पॅडचा प्रकार. धातूचे प्रमाण जास्त असलेला कठीण पॅड टिकतो पुष्कळ, पण बोलतोही पुष्कळ. नवे पॅड पहिले काही दिवस कुरकुरतात, कारण त्यांची आणि जुन्या डिस्कची गाठ अजून पडावयाची असते. मागच्या चाकांकडून आवाज येत असेल, तर ड्रममध्ये साठलेली झिजेची पूड, किंवा शू ज्या पत्र्यावर टेकून सरकतात तिथल्या कोरड्या पडलेल्या जागा, ही कारणे प्रथम तपासावीत.

आता शेवटचा प्रश्न. आवाजाबरोबर आणखी काय घडते? गाडी ब्रेक लावताच एका बाजूला ओढत असेल, तर एका चाकाचा ब्रेक कमी लागत आहे किंवा दुसऱ्याचा अडकला आहे. पेडल लयीत वरखाली होत असेल, तर डिस्कची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नाही. प्रवासानंतर एकाच चाकापाशी जळका वास आणि भगभग जाणवत असेल, तर त्या चाकाचा पिस्टन किंवा कॅलिपर अडकून पॅड सतत घासत आहे. अशा वेळी डिस्कला बोट लावून पाहू नये, कातडी सोलून निघेल. हात थोडा दूर धरला तरी आच समजते. वळणावर कमीजास्त होणारा, ब्रेकशी संबंध नसलेला गुंजारव येत असेल, तर तो बहुधा ब्रेकचा नसतोच. चाकाचे बेअरिंग तपासावे.

निदान झाले, आता उपचार. सामान्य माणसाने काय करावे आणि मिस्त्रीवर काय सोपवावे, याची सीमारेषा मी स्पष्ट आखू इच्छितो. पाहण्याचे काम आपले. बॅटरी घेऊन चाकाच्या फटींतून पाहिले, तर बाहेरच्या पॅडची जाडी बहुधा दिसते. पोलादी पट्टी त्यात धरावयाची नाही. नुसते लायनिंग मोजावयाचे. तीन मिलिमीटरच्या खाली गेले असेल, तर बदलण्याची वेळ आली. परंतु आतला पॅड दिसत नाही, आणि कॅलिपरचे खिळे अडकले असतील तर नेमका तोच अधिक झिजतो. म्हणून वर्षातून एकदा तरी, विशेषतः पावसाळा संपल्यावर, चारही चाके काढून ब्रेक पाहून घ्यावेत.

काम मिस्त्रीचे असले, तरी ते कसे व्हावे हे आपल्याला ठाऊक असावे. गाडी सपाट जागी, चाकांना ओट लावून, जॅकखेरीज पक्क्या घोडीवर उचलावी. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून कोणी गाडीखाली हात घालू नये. ब्रेकमधली पूड हवेच्या नळीने फुंकून उडवू देऊ नये. जुन्या गाडीच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, आणि ती पूड मिस्त्रीच्या, त्याच्या हाताखालच्या पोराच्या आणि आपल्याही छातीत जाते. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनर मारून ती काढावी. पॅड बदलले तर एका आसाच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. एका चाकाला नवा आणि दुसऱ्याला जुना घातला, तर गाडी वाकडी ओढते. डिस्कवर चरे असतील तर ती लेथवर घासून घेता येते. परंतु प्रत्येक डिस्कची किमान जाडी ठरलेली असते आणि बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. त्याखाली ती जात असेल, तर नवीच घालावी. चकाकलेला पॅड पॉलिश पेपरने घासला, तर काही दिवस बरे वाटते. पण तो का तापला, याचा शोध घेतला नाही तर दुखणे परत येते.

आणि आता तेला-ग्रीसविषयी. ग्रीस ब्रेकला लागतेच. मात्र कोठे, हा सारा प्रश्न आहे. कॅलिपरचे सरकणारे खिळे, पॅडचे कान जिथे टेकतात त्या जागा, पॅडची पोलादी पाठ, आणि ड्रममध्ये शू ज्या पत्र्यावर सरकतात ते ठिपके. या जागी उष्णता सोसणारे, ब्रेकसाठीच केलेले ग्रीस, आणि तेही बोटावर येईल एवढेच. साधे ग्रीस तापून वितळते आणि ओघळते. लायनिंगवर आणि डिस्कच्या तोंडावर मात्र थेंबही नको. लायनिंग सच्छिद्र असते. त्यात तेल मुरले, की ते घासून, जाळून किंवा पेट्रोलने धुऊन पुरते निघत नाही. तो पॅड फेकूनच द्यावा लागतो. मग तेल लावलेली गाडी शांत होते ती कशी? सारंगीच्या गजावरची राळ पुसली की सारंगी मुकी होते, तशी. पॅड डिस्कला धरतच नाही, म्हणून वाजत नाही. आणि जो ब्रेक धरत नाही, त्याची गैरहजेरी आपल्याला कळते ती रस्त्यात अचानक एखादे मूल आडवे आल्यावर.

पॅड बदलल्यावर दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली, गाडी सुरू करून निघण्यापूर्वी पेडल चार-सहा वेळा दाबावे. नवे जाड पॅड बसवण्यासाठी पिस्टन मागे ढकललेला असतो. तो पुढे आणल्यावाचून निघाले, तर पहिल्या दाबाला पेडल सरळ तळाशी जाते आणि गाडी थांबत नाही. दुसरी, नव्या पॅडांची डिस्कशी गाठ घालून द्यावी. मोकळ्या रस्त्यावर ताशी सुमारे पन्नास किलोमीटर वेगावरून दहा-पंधरापर्यंत, बेताच्या पण निश्चित दाबाने गाडी हळू करावी. मग थोडे अंतर नुसती चालवून ब्रेक निवू द्यावेत. असे आठ-दहा वेळा करावे. कारखानदाराने वेगळी रीत सांगितली असेल, तर तीच पाळावी. एवढ्याने डिस्कवर लायनिंगचा एकसारखा पातळ थर बसतो आणि नव्या पॅडची बरीचशी कुरकुर जन्मण्यापूर्वीच टळते.

श्रोतेहो, आतापर्यंत बोलणाऱ्या ब्रेकविषयी झाले. जाता जाता न बोलणाऱ्या दोषाविषयी सांगितले पाहिजे, कारण तो अधिक दगलबाज आहे. ब्रेक ऑइल हे नावाने तेल असले, तरी बहुतेक गाड्यांत ते हवेतले पाणी शोषून घेणारे द्रव्य असते. डॉट ३ या प्रकारचे ताजे द्रव्य २०५ अंश सेल्सिअसच्या खाली उकळू नये, असा दंडक आहे. पाणी शोषलेल्या द्रव्याच्या बाबतीत तीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. आता खंडाळ्याचा किंवा आंबोलीचा घाट उतरणारी, माणसांनी आणि सामानाने भरलेली गाडी डोळ्यांपुढे आणा. चालक सतत पेडलवर पाय ठेवून उतरतो आहे. मघाच्या हिशेबातली आच क्षणोक्षणी साठत जाते, ती द्रव्यापर्यंत पोचते, आणि जुने पाणचट द्रव्य नळीतच उकळते. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. म्हणून पेडल स्पंजासारखे मऊ होते आणि ब्रेक लागत नाही. यात कुरकुर नाही, किंचाळी नाही. चाके अगदी शांत असतात. म्हणून ब्रेक ऑइल साधारणतः दोन वर्षांनी बदलून नळ्यांतली हवा काढून घ्यावी, आणि घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावा. इंजिनाला गाडी आवरू द्यावी आणि ब्रेकला विसावा द्यावा.

तेव्हा यापुढे गॅरेजात जाल तेव्हा "एवढा आवाज बंद करा" असे म्हणू नका. असे म्हणा : "सकाळचा पहिला ब्रेक सोडून एरवीही आवाज येतो, हलका दाबला की येतो, जोरात दाबला की जातो, पुढच्या डाव्या चाकाकडून येतो, गाडी ओढत नाही. कारण शोधा, आणि काढलेले पॅड मला दाखवा." चांगला मिस्त्री अशा गिऱ्हाइकावर रागावत नाही. त्याला आपले काम समजणारा माणूस भेटल्याचा आनंदच होतो. आणि जो मिस्त्री काहीही न उघडता, हातात तेलाची बुधली घेऊन चाकापाशी वाकतो, त्याला तिथेच थांबवा. दुरुस्तीनंतर गाडी शांत झाली, तर उत्तमच. पण ती शांत झाली की नाही हे पाहण्यापूर्वी मोकळ्या रस्त्यावर ती थांबते की नाही, हे पाहा. ब्रेकची परीक्षा कानाने सुरू होते. तिचा निकाल मात्र गाडी किती अंतरात थांबली यावरच लागतो.